पोहण्याच्या तलावात घरचे ब्लीच चालेल का?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना पाण्याची ओढ लागते. पूर्वी ही हौस नगरपालिकेच्या तलावात किंवा गावच्या विहिरीत भागत असे. आता बंगल्याच्या आवारात, शेतघराच्या अंगणात आणि गच्चीवरच्या प्लॅस्टिकच्या हौदातसुद्धा मुले डुंबताना दिसतात. असा एक छोटा तलाव बाळगणाऱ्या आमच्या एका शिक्षकमित्रांनी आम्हाला विचारले, "तलावासाठी म्हणून मिळणाऱ्या क्लोरीनच्या गोळ्या महाग पडतात. पांढरे कपडे धुण्यासाठी आणलेली ब्लीचची बाटली घरात असतेच. तीच तलावात ओतली तर काय बिघडेल?"

'काही बिघडणार नाही' एवढे उत्तर दिले असते तर ते फारसे चुकले नसते. पण ते पुरेसेही झाले नसते. कोणते ब्लीच, किती, केव्हा आणि कशापासून दूर ठेवून, हे प्रश्न त्यात दडलेले आहेत. त्यांची उत्तरे माहीत नसतील तर पाणी स्वच्छ दिसूनही मुले आजारी पडू शकतात आणि पाणी स्वच्छ करण्याच्या नादात मोठ्या माणसांच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून हा विषय जरा मुळापासून पाहू.

एकाच घराण्यातील भावंडे

क्लोरीन वायू प्रथम तयार केला तो स्वीडनमधील कार्ल शील या रसायनशास्त्रज्ञाने, १७७४ साली. त्याचा रंग घालवण्याचा गुण ओळखून फ्रान्समध्ये बर्थोले याने तो कापड पांढरे करण्यासाठी वापरला. पॅरिसजवळच्या जावेल या गावी क्षारयुक्त पाण्यात क्लोरीन सोडून जे द्रावण बनवले गेले, ते आपल्या आजच्या ब्लीचच्या बाटलीचे पूर्वज होय. १७९९ साली स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट याने विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडून कोरडी भुकटी तयार केली. हीच ती ब्लीचिंग पावडर. आपल्याकडे ग्रामपंचायतीत ती 'टीसीएल' या नावाने ओळखली जाते.

म्हणजे सुरुवात झाली ती कापड पांढरे करण्यापासून. जंतुनाशक म्हणून या पदार्थांचे महत्त्व नंतर कळले. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरांनी विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू एकदम घटले. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी या शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास सुरुवात झाली. पुढे दोन-तीन वर्षांतच तिकडे पोहण्याच्या तलावांसाठीही ब्लीचिंग पावडर वापरून पाहण्यात आली. तेव्हा 'कपड्यांचे औषध पाण्यात कसे घालायचे?' ही शंका मनात आणण्याचे कारण नाही. हे सारे पदार्थ एकाच घराण्यातील आहेत.

खरा कामकरी कोण?

घरगुती ब्लीच म्हणजे सोडिअम हायपोक्लोराइटचे पाण्यातील द्रावण. ब्लीचिंग पावडरीत कॅल्शिअम हायपोक्लोराइट असते. तलावाच्या गोळ्यांमध्ये बहुधा ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक आम्ल नावाचे लांबलचक संयुग असते. नावे निरनिराळी, परंतु तलावाच्या पाण्यात पडल्यावर या सगळ्यांपासून एकच पदार्थ तयार होतो, तो म्हणजे हायपोक्लोरस आम्ल. जंतू मारण्याचे काम मुख्यत्वे हेच आम्ल करते. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे तो जंतूच्या पेशीभित्तिकेतून सहज आत शिरतो आणि आतील महत्त्वाच्या रेणूंचे ऑक्सिडीकरण करून पेशी निकामी करतो.

पण या आम्लाची एक खोड आहे. त्याचा काही भाग विघटन पावून हायपोक्लोराइट आयन बनतो. या आयनावर ऋण भार असतो. जंतूचा पृष्ठभागही ऋणभारित असल्यामुळे आयनाला आत शिरणे जड जाते. साहजिकच तो जंतुनाशक म्हणून कित्येक पटींनी दुबळा ठरतो. आम्ल किती आणि आयन किती, हे पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, ठरवतो. सामू ७.५ च्या आसपास असताना दोघे निम्मे-निम्मे असतात. सामू ७.२ असेल तर सुमारे दोनतृतीयांश भाग आम्लाच्या रूपात असतो. सामू ८ झाला की आम्ल उरते जेमतेम एकचतुर्थांश आणि ८.५ झाला तर दहाव्या हिश्श्याहूनही कमी.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. दोन तलावांत क्लोरीन अगदी सारखा असला तरी सामू वेगळा असेल तर एक तलाव सुरक्षित आणि दुसरा धोकादायक असू शकतो. म्हणून तलावाचा सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखतात. डोळ्यांनाही हाच पल्ला मानवतो, कारण आपल्या अश्रूंचा सामू ७.४ च्या जवळपास असतो.

बाटलीतले ब्लीच स्वतः तीव्र आम्लारिधर्मी असते. ते टिकावे म्हणून त्यात थोडा कॉस्टिक सोडाही ठेवलेला असतो. ते ओतल्यावर तलावाचा सामू वाढतो खरा, पण जंतू, घाम आणि ऊन यांमुळे क्लोरीन खर्ची पडत जातो तसा सामू पुन्हा खाली येतो. शेवटी परिणाम उरतो तो जास्तीच्या कॉस्टिक सोड्याचा, आणि तो थोडाच असतो. 'ब्लीचने सामू सतत वाढतच जातो' ही समजूत म्हणूनच अर्धवट खरी आहे.

लेबलवरचा आकडा

हे पदार्थ एकमेकांशी ताडून पाहण्यासाठी 'उपलब्ध क्लोरीन' हे माप वापरतात. पदार्थात क्लोरीनचे अणू किती आहेत, हे हे माप सांगत नाही. त्या पदार्थाइतकेच ऑक्सिडीकरण करण्यास किती क्लोरीन वायू लागला असता, हे ते सांगते. साध्या घरगुती ब्लीचमध्ये ते साधारण ४ ते ६ टक्के असते. तलावासाठी कॅनमधून विकल्या जाणाऱ्या द्रावणात १० ते १२ टक्के, ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के, उच्च प्रतीच्या कॅल्शिअम हायपोक्लोराइटमध्ये ६५ ते ७० टक्के आणि ट्रायक्लोरच्या गोळ्यांत सुमारे ९० टक्के.

आता हिशेब करू. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १ मीटर खोल अशा तलावात २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर पाणी मावते. त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन हवा असेल तर एकूण ४० ग्रॅम क्लोरीन लागेल. तो मिळवण्यासाठी

५ टक्क्यांचे घरगुती ब्लीच ८०० मिलिलिटर,
१० टक्क्यांचे तलावाचे द्रावण ४०० मिलिलिटर,
३० टक्क्यांवर उतरलेली ब्लीचिंग पावडर १३३ ग्रॅम,
६५ टक्क्यांचे कॅल्शिअम हायपोक्लोराइट सुमारे ६२ ग्रॅम,
किंवा ट्रायक्लोर सुमारे ४४ ग्रॅम लागेल.

किंमत ताडायची ती अशी. बाटलीची किंमत बाटलीशी किंवा किलोची किलोशी न ताडता, ४० ग्रॅम उपलब्ध क्लोरीनला किती पैसे पडतात हे पाहावे. विद्यार्थ्यांना आपापल्या गावातील दुकानांतून भाव आणायला सांगून हा तक्ता पुरा करून घेता येईल. गावच्या विहिरीत औषध टाकतानाही हेच गणित असते. तेथे १००० लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, असा ठोकताळा आहे. फरक इतकाच, की विहीर गोल असल्यामुळे घनफळ काढताना व्यासाच्या वर्गाला खोलीने आणि ०.७८५ ने गुणावे लागते.

क्लोरीनबरोबर आणखी काय येते?

जंतूंना मारणारा पदार्थ सर्वांत एकच असेल तर निवड कशावरून करायची? आमच्या मते खरा प्रश्न हा, की क्लोरीनच्या सोबतीने आणखी काय पाण्यात येते आणि क्लोरीन खर्ची पडल्यावर मागे काय राहते.

घरगुती ब्लीचमागे राहते साधे मीठ. रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन याप्रमाणे दोन महिने ब्लीच घातले तर लिटरमागे सुमारे २०० मिलिग्रॅम मीठ साचेल. समुद्राच्या पाण्यात ते ३५,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. तेव्हा याची चिंता नको.

ब्लीचिंग पावडरीमागे चुना राहतो. पाणी गढूळ दिसते, सामू चढतो आणि जेथे विहिरीचे पाणी आधीच जड आहे तेथे ते आणखी जड होते. पावडर वापरायचीच असेल तर ती प्लॅस्टिकच्या बादलीत पाण्यात कालवावी, साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी तेवढी तलावात सोडावी. विहिरीसाठीही हीच रीत आहे.

ट्रायक्लोरमागे सायन्यूरिक आम्ल राहते. ही गोष्ट जरा तपशिलाने पाहिली पाहिजे. उघड्यावरील पाण्यातील क्लोरीन सूर्याच्या अतिनील किरणांनी झपाट्याने नष्ट होतो. कडक उन्हात तासाभरात निम्म्याच्या आसपास. सायन्यूरिक आम्ल क्लोरीनला धरून ठेवते आणि उन्हापासून वाचवते. लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम असेपर्यंत ते उपकारक ठरते. पण ते उडूनही जात नाही आणि सहजी खर्चही होत नाही. ट्रायक्लोरमधून मिळणाऱ्या दर १० मिलिग्रॅम क्लोरीनबरोबर ६ मिलिग्रॅम सायन्यूरिक आम्ल पाण्यात उतरते. वरच्याच हिशेबाने दोन महिन्यांत ते ७० मिलिग्रॅमच्या पुढे जाईल. धरून ठेवलेला क्लोरीन जंतू मारायला मोकळा नसतो. चाचणीत क्लोरीन पुरेसा दिसतो, पण त्याचे काम मंदावलेले असते. मग पाणी काढून टाकून नवे भरण्यावाचून इलाज राहत नाही. पाणी टंचाईच्या दिवसांत हे कोणाला परवडणार?

साध्या ब्लीचमध्ये सायन्यूरिक आम्ल नसते. त्यामुळे ते उन्हात लवकर संपते. यावर सोपा उपाय म्हणजे ते सूर्यास्तानंतर घालावे. रात्रभर ते निर्वेध काम करते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. आम्ही म्हणतो ते साधे ब्लीच. त्यात सोडिअम हायपोक्लोराइट, पाणी, मीठ आणि थोडा कॉस्टिक सोडा यांखेरीज काही नसावे. सुगंधी, घट्ट केलेली, फेस येणारी किंवा 'शिंतोडे न उडणारी' म्हणून विकली जाणारी ब्लीच फरशी-संडासासाठी असतात. त्यांत सुवास, साबणासारखी द्रव्ये आणि घट्ट करणारे पदार्थ असतात. ती तलावात नकोत. रंगीत कपड्यांसाठी असलेल्या काही 'ब्लीच'मध्ये तर क्लोरीनच नसतो. हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ते क्लोरीनला नष्टच करते.

बाटलीचे वय

ब्लीच हा जिवंत माल आहे असे समजावे. तो रोज थोडा थोडा मरतो. हायपोक्लोराइटचे आपोआप विघटन होऊन मीठ आणि क्लोरेट बनते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले की हा वेग तिपटीहून अधिक होतो. उलट द्रावणाची तीव्रता निम्मी केली तर वेग चौथ्या हिश्श्याहूनही खाली येतो. गंमत पाहा, ज्याला आपण 'पातळ' म्हणून नावे ठेवतो ते घरगुती ब्लीच, तलावाच्या तीव्र द्रावणापेक्षा अधिक काळ टिकते. विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या १२ टक्क्यांच्या कॅनमध्ये महिन्याभराने १२ टक्के राहिलेले नसतात. ऊन आणि धातूंचे अंश यांनीही विघटन वाढते. म्हणून ब्लीच सावलीत, थंड जागी, अपारदर्शक प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे आणि बनवल्याची तारीख पाहून थोडे थोडेच आणावे. ब्लीचिंग पावडरही दमट हवेत उघडी राहिली की निकामी होते.

वास आणि डोळ्यांची लाली

तलावावर उग्र वास आला आणि मुलांचे डोळे लाल झाले की 'क्लोरीन फार झाला' असे सर्वजण म्हणतात. बहुतेक वेळा खरी गोष्ट उलटी असते. घाम आणि लघवी यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. तो वास आणि ती आग मुख्यतः त्यांची. म्हणजे मोकळा क्लोरीन कामाला लागून संपत आला आहे, आणखी घालण्याची वेळ झाली आहे, असा त्याचा अर्थ. पुरेसा क्लोरीन घातला की क्लोरामाइनेही ऑक्सिडीकरणाने नष्ट होतात. यावर सर्वांत स्वस्त उपाय मात्र रसायनाचा नाही. पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने अंग धुवावे आणि लहान मुलांना आधी लघवीला पाठवावे, हा तो उपाय.

क्लोरीनला मर्यादाही आहेत. लिटरमागे १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन, सामू ७.५ आणि तापमान २५ अंश असताना इ. कोलाय हे जंतू मिनिटाच्या आत मरतात. हिपॅटायटिस-ए या काविळीच्या विषाणूला सुमारे १६ मिनिटे, जिआर्डियाला सुमारे ४५ मिनिटे लागतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी त्याच पाण्यात दहा दिवसांहून अधिक तग धरतो. म्हणून जुलाब होत असलेल्या मुलाला तलावात उतरू देता कामा नये. येथे बाटली कोणतीही असो, ती मदतीला येत नाही.

जिवावर बेतणारी चूक

ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू बाहेर पडतो. संडास धुण्याच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. तलावाचा सामू उतरवण्यासाठीही तेच वापरतात. एकाच बादलीत, एकामागून एक, ही दोन्ही ओतली की बंद खोलीत काही क्षणांत विषारी वायू भरतो. हा वायू हवेच्या सुमारे अडीच पट जड असल्याने खाली साचतो, आणि लहान मुलांची नाके खालीच असतात. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळला तरी घातक क्लोरामाइन वायू निघतात. ट्रायक्लोर आणि कॅल्शिअम हायपोक्लोराइट ही दोन्ही कोरडी रसायने एकाच डब्यात किंवा एकाच मापाने हाताळली तर आग किंवा स्फोट होऊ शकतो.

म्हणून नियम सोपे ठेवावेत. प्रत्येक रसायनाची बादली आणि माप वेगळे. आम्ल आणि ब्लीच यांच्या जागा दूर. पेयाच्या रिकाम्या बाटलीत ब्लीच कधीही भरू नये. आधी बादलीत पाणी घेऊन मग त्यात ब्लीच घालावे आणि पंप चालू असताना ते तलावाच्या कडेने सर्वत्र फिरवून सोडावे. त्या वेळी पाण्यात कोणी असू नये. सामू उतरवायचा असेल तर आम्ल त्याच वेळी न घालता काही तासांनी, पाणी पुरते मिसळल्यावर घालावे.

वर्गात करून पाहा

बाटलीतील ब्लीच खरोखर किती टक्के आहे, हे उच्च माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत तपासता येते. ब्लीचचे १० मिलिलिटर घेऊन ऊर्ध्वपातित पाण्याने १०० मिलिलिटर करा. त्यातील १० मिलिलिटर शंकुपात्रात घ्या. आधी त्यात चमचाभर पोटॅशिअम आयोडाइड पूर्ण विरघळवा आणि मगच थोडे विरल ॲसेटिक आम्ल घाला. हा क्रम उलटा झाल्यास क्लोरीन वायू निघेल, म्हणून याबाबत हयगय नको. सुटलेल्या आयोडीनमुळे द्रावण तपकिरी होईल. त्याचे ०.१ नॉर्मल सोडिअम थायोसल्फेटने अनुमापन करा. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घाला. निळा रंग नाहीसा झाला की थांबा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागले त्यांना ०.३५५ ने गुणा. आलेली संख्या म्हणजे उपलब्ध क्लोरीनचे शेकडा प्रमाण. १४ मिलिलिटर लागले तर ब्लीच जवळपास ५ टक्क्यांचे आहे. नवी बाटली आणि चार महिने उन्हात राहिलेली बाटली यांची तुलना केली तर मुलांना बरेच काही कळेल.

तलावातील क्लोरीन मोजण्यासाठी मात्र चाचणीची छोटी पेटी लागते. डीपीडी चाचणीत मोकळ्या क्लोरीनमुळे गुलाबी रंग येतो. पाणीपुरवठ्याच्या कामात ओळखीची असलेली ऑर्थोटोलिडिनची पिवळ्या रंगाची चाचणी मोकळा आणि संयुक्त क्लोरीन नीट वेगळा दाखवत नाही. शिवाय ते रसायन आरोग्याला घातक असल्याने त्याला हात लावू नये.

मग बाटली कोणती?

आता आमच्या मित्रांच्या प्रश्नाकडे वळू. छोट्या तलावासाठी, विनासुगंधी, साधे, ताजे घरगुती ब्लीच चांगलेच आहे. तलाव मोठा असेल तर तेच रसायन १० टक्क्यांच्या कॅनमध्ये स्वस्त पडण्याचा संभव असतो. फक्त ते ताजे हवे. गोळ्या सोयीच्या असतात. चार दिवस गावाला जायचे असेल तर त्या कामी येतात, पण महिनोन् महिने केवळ त्यांच्यावर भिस्त ठेवू नये. फुगवायच्या लहान हौदाच्या बाबतीत तर पाणी रोज काढून झाडांना घालावे आणि हौद धुऊन वाळवावा, हे उत्तम. तेथे रसायनांच्या वाटेला जाण्याचेच कारण नाही.

मोकळा क्लोरीन लिटरमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि सामू ७.२ ते ७.८, हे दोन आकडे पाण्यात उतरण्यापूर्वी मोजून पाहण्याची सवय मात्र हवीच. डोळ्यांना निर्मळ दिसणारे पाणी निर्जंतुक असेलच असे नाही, हे आपण वर्गात पिण्याच्या पाण्याबद्दल नेहमी सांगतो. आपली मुले ज्या पाण्यात डुंबतात, गटांगळ्या खातात आणि नकळत दोन घोट पितात, त्या पाण्यालाही तेच लागू आहे.